चाळिसावा फोटो

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय २६. कराडजवळच्या गावात राहते, पतसंस्थेत क्लार्क आहे. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि यूट्यूब बघून सगळं स्वतःच शिकली. पहाटे प्रीतिसंगमावर, आठवडी बाजारात, आषाढात वारीत असे फोटो काढते. जिल्ह्यातल्या एका नावाजलेल्या वेडिंग फोटोग्राफरने तिचं इन्स्टाग्राम बघून विचारलंय की दोन वर्षं माझ्याबरोबर राहा, सगळं शिकवतो. पगार नाही, प्रवास आणि जेवण त्यांचं. तिथे काढलेला एकही फोटो स्वतःच्या नावाने टाकायचा नाही. आईचं म्हणणं, अशी संधी पुन्हा दारात येत नाही. मुलीला मात्र धास्ती वाटते, "त्यांच्या हाताखाली माझी स्वतःची नजर मरेल. एकलव्याला कोणी हात धरून शिकवलं नव्हतं. व्हिव्हियन मायर जन्मभर एकटीच फोटो काढत राहिली." शिवाय भिगवणला पक्ष्यांच्या फोटोंचं तीन दिवसांचं एक वर्कशॉप आहे, त्याची फी तिच्या महिन्याच्या पगाराएवढी. "एकटीनेच चालू ठेवू, की कोणाच्या तरी हाताखाली जाऊ? सोबत ४० फोटो पाठवतेय. शेवटचा चुकून आलाय, तो धरू नका."

---

शेवटचा धरू नका म्हणालीस, म्हणून मी आधी तोच उघडला.

लोणंदच्या पुढे चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं, तिथला आहे ना तो? अश्व धावून गेलाय. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकलीत, एकमेकांच्या अंगावर पडतायत. आणि या सगळ्याकडे पाठ करून एक बाई रस्त्याच्या कडेला टेकलीय. डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून मांडीशी घेतलंय, एका हाताने ते सांभाळतेय, दुसऱ्या हाताने टाच चोळतेय. फोटो किंचित हललाय. मागच्या पताकेची काठी थेट तिच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते. मार्क कापायचे म्हटले तर जागा भरपूर. पण मी या फोटोकडे चार वेळा परत आले, आणि बाकीच्या ३९ पैकी एकाकडेही दुसऱ्यांदा गेले नाही.

रिंगणाचे तू आणखी १७ पाठवलेस. त्यातल्या १४ मध्ये अश्व हवेत आहे, चारही पाय जमिनीवेगळे, फोकस बरोब्बर डोळ्यावर. काम चोख आहे, त्याबद्दल शंका नाही. पण हे फोटो मी दर आषाढात बघते. दिवे घाटातल्या वळणांची ती पांढऱ्या टोप्यांची रांगही बघते. ज्या दरडीवर तू उभी राहिलीस, तिथे त्या दिवशी तुझ्या डाव्या-उजव्या हाताला किती ट्रायपॉड होते, आठव.

म्हणजे चांगला फोटो तुझ्याच कार्डावर होता आणि तूच तो बाद केलास. तो काढायला तुला कोणाची मदत लागली नाही. ओळखायला लागली असती. तुझ्या प्रश्नाकडे मी इथूनच बघणार आहे, तू विचारलास त्या बाजूने नाही.

तू विचारतेस, एकटीने चालू ठेवू का. अगं, पण तू एकटी आहेस कुठे? बाजारातल्या तुझ्या जवळजवळ सगळ्याच फोटोंत मागचं सगळं दुधासारखं विरघळून गेलंय. ५० एमएमची लेन्स, अ‍ॅपर्चर १.८ वर, माणूस डाव्या तिसऱ्या भागात, सावल्यांना निळसर झाक आणि कातडीला नारिंगी. ही तुझी नजर? ही तर यूट्यूबवरच्या पाच-सहा मास्तरांची नजर आहे. त्यांनी तुला शिकवलं आणि चांगलं शिकवलं. शटर, आयएसओ, हिस्टोग्राम यांत तुझं कुठे अडत नाही. पण त्यांना तुझा एकही फोटो दिसलेला नाही. हजारो जणांना एकच सांगायचं म्हटल्यावर ते बरोबर असून असून किती बरोबर असणार? कराडच्या बाजारात वांगी विकणाऱ्या आजींच्या मागचा बाजारच तू पुसून टाकलास. पाटी, तराजू, शेजारीण, वर बांधलेली ताडपत्री, सगळं गेलं. उरल्या त्या आजी स्टुडिओतही बसवता आल्या असत्या.

म्हणून "माझी नजर मरेल" हे वाक्य मला जरा तपासून बघावंसं वाटतं. नजर म्हणजे जन्मतः मिळालेली, डबीत जपून ठेवायची आणि दुसऱ्याचा हात लागला की डागाळणारी वस्तू, असं तू धरून चालली आहेस. माझा अनुभव तसा नाही. स्वतःची नजर असते, पण आपल्याला ती सहसा सगळ्यात शेवटी दिसते, कारण आपण आपल्याच आवडीवर विश्वास ठेवत नाही. टाच चोळणारी बाई तुला दिसली, बोट आपोआप दाबलं गेलं. मग घरी येऊन तू तिच्याकडे दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहिलंस आणि म्हणालीस, हललाय, काठी आलीय, धरू नका. नजर मारायला तुला त्या वेडिंगवाल्यांची गरज पडली नाही.

लागलं असेल तर थोडी रागाव. पण राग आला तरी पुढे वाच.

एकलव्याचं म्हणशील, तर त्याच्याबद्दल एक गोष्ट आपण विसरतो. त्याने भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण मारले आणि भुंकणं थांबलं. निकाल तिथल्या तिथे. नेम लागला की नाही, हे सांगायला गुरू लागत नाही, कुत्रंच सांगतं. गाणाऱ्याला बेसूर झाल्याचं निदान तंबोरा तरी सांगतो. फोटोत असं काही नाही. फोकस चुकला तर कॅमेरा सांगेल, फोटो चुकला तर कोणीच सांगत नाही. उलट तीनशे लाइक पडतात.

आणि व्हिव्हियन मायर. न्यूयॉर्क आणि शिकागोत मुलं सांभाळायचं काम करणारी ही बाई गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा अडकवून वर्षानुवर्षं रस्ते पालथे घालत राहिली, आणि २००७ साली तिच्या थकलेल्या भाड्याच्या गाळ्यातलं सामान लिलावात निघालं तेव्हा लाखाच्या वर निगेटिव्ह हळूहळू जगासमोर आल्या. हे खरं. पण ती लहान असताना, १९३० च्या सुमाराला, ती आणि तिची आई ज्या घरात राहत होत्या ते घर जान बर्त्रां नावाच्या एका व्यावसायिक पोर्ट्रेट फोटोग्राफर बाईचं होतं. त्या घरात चार वर्षांच्या मुलीने काय पाहिलं, हे कोणी सांगू शकत नाही. पण "कोणीच नव्हतं" असंही म्हणता येत नाही. आणि मला त्या गोष्टीतला दुसराच भाग छळतो. तिने मागे शेकडो रोल न धुताच ठेवले. म्हणजे ते फोटो तिने स्वतःसुद्धा कधी पाहिले नाहीत. पैशांची अडचण असेल, जागेची असेल, की काढण्यातच तिला सगळं मिळत असेल. २००९ साली ती गेली आणि हे विचारायचं राहून गेलं. तुला तिच्यासारखं काढायचंय हे मी समजू शकते. तिच्यासारखं न बघताच ठेवून द्यायचंय का, हे तूच ठरव.

आता माझं सांगते. १९८६ साली मी सांगलीत एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. पहिले आठ महिने त्यांनी मला एन्लार्जरला, म्हणजे निगेटिव्हवरून फोटो मोठा करायच्या यंत्राला, हात लावू दिला नाही. बाटल्या धुवायच्या, हायपो कालवायचा, गिऱ्हाइकापुढे आरसा आणि कंगवा धरायचा, पासपोर्टच्या प्रिंट कटरवर कापायच्या. चहा सांगायला समोरच्या हॉटेलात मीच जायचं; स्टुडिओत दोन मुलगे होते, तरी मीच. तो हिशेब अजून मनात आहे.

पण रविवारी स्टुडिओचा जुना यशिका कॅमेरा ते मला न्यायला द्यायचे. एका रोलमध्ये १२ फोटो. कृष्णेच्या घाटावर ते १२ मी दिवसभर पुरवून पुरवून वापरायचे. सोमवारी रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढलं की अण्णा माझी कॉन्टॅक्ट शीट दिव्याखाली घ्यायचे. एकाच कागदावर सहा-सहा सेंटिमीटरचे बारा चौकोन. बोलायचे नाहीत. अंगठ्याने एका फोटोची डावी कड झाकायचे आणि माझ्याकडे बघायचे, "काय बिघडलं?" काही बिघडलेलं नसायचं. मग दुसऱ्या अंगठ्याने आकाश झाकायचे. "आता?" आताही नाही. एकदा असं करता करता अर्ध्याहून जास्त फोटो त्यांच्या दोन अंगठ्यांखाली गेला आणि कोपऱ्यात उरला तो दगडावर आपटलेला लुगड्याचा पिळा आणि त्यातून उडालेलं पाणी. मी गेले होते देवळाचा फोटो काढायला. देऊळ अंगठ्याखाली होतं.

त्या रात्री मला जे कळलं ते सांगायला अण्णांनी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. पुढच्या रविवारी मी घाटाच्या चार पायऱ्या आणखी खाली उतरले.

आता अण्णांचं नुकसानीचं खातंही उघडते. त्यांचं पोर्ट्रेट एकच, दिवा डाव्या बाजूने ४५ अंशांत, खांदा तिरका, हनुवटी जरा वर, नजर कॅमेऱ्याच्या उजवीकडे. नवरदेव असो की निवृत्त हेडमास्तर, सगळे त्याच साच्यातून. मी स्वतःचं काम सुरू केल्यावरही तीन वर्षं माझा हात आपोआप दिवा डावीकडेच ठेवायचा. महापुराचा माझा एक फोटो पेपरात छापून आला, खाली नाव स्टुडिओचं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. होमाई व्यारावाला यांचंही सुरुवातीला असंच झालं होतं. कॅमेरा त्यांनी माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून हातात घेतला, पुढे दोघांचं लग्न झालं, आणि होमाईंना कोणी ओळखत नव्हतं, त्यातून त्या बाई, म्हणून त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले. देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांचं नाव घेतात, २०११ साली पद्मविभूषणही मिळालं. पण ते पहिले फोटो दुसऱ्याच्या नावानेच लोकांपुढे गेले.

म्हणजे तुझी भीती अगदीच वाऱ्यावरची नाही. हाताखाली राहिलं की सवयी चिकटतात आणि नाव हरवतं. पण दोन्हींचा हिशेब मांडला तर अण्णांची लाइटिंग मला तीन वर्षांत सुटली, अंगठा मात्र अजून सुटलेला नाही. तुझे फोटो बघून माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर डाग पडलेत.

रघु राय यांच्या सुरुवातीचा एक किस्सा मला इथे आठवतो. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं. दिल्लीत थोरल्या भावाकडे राहत होते, भाऊ एस. पॉल, स्वतः कसलेला फोटोग्राफर. भावाच्या एका मित्राबरोबर खेड्यात गेले असताना रघु राय यांनी गाढवाच्या पिल्लाचा एक फोटो काढला. भावाने तो निवडून लंडनच्या 'टाइम्स'ला पाठवला आणि त्यांनी छापला. १९६६ मध्ये रघु राय 'स्टेट्समन'मध्ये लागलेसुद्धा. फोटो काढताना भाऊ शेजारी नव्हता, कॅमेरा कसा धर म्हणून सांगत नव्हता. सगळ्या फोटोंतून तो गाढवावर थांबला, एवढंच. तुझ्याकडे गाढवावर थांबणारा माणूस नाहीये. तुला शोधायचाय तो.

तर मग त्या वेडिंगवाल्यांचं काय?

एक गोष्ट त्यांनी तुला सांगितली नसणार, त्यांना तुझी गरज आहे. नवरी साडी नेसत असते, मेकअप चाललेला असतो, हळदीला बायकांचा घोळका असतो, तिथे फोटोग्राफर मुलगी असली की घरची माणसं निश्चिंत होतात. बुकिंग करतानाच "लेडी फोटोग्राफर आहे का" असं विचारतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावी अशा मुली अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. तेव्हा हा उपकार नाही, सौदा आहे. आईला हे नीट समजावून सांग. सौदा म्हटल्यावर बोलणी करण्यात उद्धटपणा नसतो.

आणि लग्नाच्या कामाला नाक मुरडू नकोस, तुझ्या पत्रात त्याचा थोडा वास आला. प्रीतिसंगमावर सूर्य आज चुकला तर उद्या येतो. अंतरपाट एकदाच दूर होतो. शेवटचं मंगलाष्टक चाललंय, भटजी "सावधान" म्हणणार, मामा नवरीच्या मागे उभे, तुझ्यापुढे अचानक एक काका मोबाइल वर करून उभे राहतात, वाजंत्री सुरू होते, अंतरपाट बाजूला, दोघांची नजर भिडते न भिडते तोच अक्षता. त्या अक्षता हवेत थिजवायच्या तर फ्लॅश हवा, आणि फ्लॅश पुन्हा भरायला क्षणभर लागतो, तोवर तो क्षण गेला. सराईत माणूस यावेळी काय करतो माहितेय? तो मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच जाऊन उभा राहिलेला असतो. काका कुठून येणार हे त्याला ठाऊक असतं. कॅमेऱ्याकडे बघू नकोस, त्याच्या पायांकडे बघ. तो कधी हलतो, किती आधी हलतो, कशावरून हलतो. हे यूट्यूबवर दिसत नाही, कारण तिथे कॅमेरा फोटोकडे असतो, फोटोग्राफरच्या चपलांकडे नाही. आणि ही विद्या वारीत जशीच्या तशी कामाला येते.

तेव्हा जा, पण त्यांच्या अटींवर नाही. दोन वर्षं कशाला? एक हंगाम म्हण, तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त लागतात तिथपासून ज्येष्ठापर्यंत, आणि तेही रविवार आणि रजेच्या दिवशी. पतसंस्था सोडू नकोस. घरात स्वतःचा पगार येत असला की "नाही" म्हणायला तोंड उघडतं. दिवसाचं मानधन माग, कमी असलं तरी चालेल. फुकट काम करणाऱ्याला माणसं शिकवत नाहीत, पिटाळतात. रात्री वरात संपल्यावर घरी कोण सोडणार, कोणत्या गाडीने, सोबत आणखी कोण, हे पहिल्याच दिवशी ठरवून घे आणि आईला सांगून ठेव. यात संकोच करू नकोस. नीट माणूस असेल तर त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही. राग आला तर तुझं काम झालंच, तिथूनच परत ये.

नावाचं जरा गुंतागुंतीचं आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या फोटोंचा पहिला मालक सहसा काढून घेणाराच असतो. म्हणजे लग्नातले फोटो "त्यांचे" तरी कुठे आहेत, ते त्या घरच्यांचे. म्हणून "माझ्या नावाने सगळे टाकू द्या" असं भांडण्यापेक्षा एवढंच माग की अल्बम पोहोचल्यावर, घरच्यांची हरकत नसेल तर, मी काढलेले दहा फोटो माझ्या नावासह माझ्या कामात दाखवू द्यायचे. हे कागदावर घे. निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे. आमच्या वेळी तेही नव्हतं.

आणि या सगळ्याच्या वर एक प्रश्न विचार, "सर, कलिंगला मला शेजारी बसू द्याल का?" कलिंग म्हणजे काढलेल्या फोटोंतून ठेवायचे ते निवडणं. एका लग्नाच्या तीन-चार हजार फ्रेम सहज होतात. त्यातून अल्बमसाठी काही शेच निघतात. तो माणूस ज्या रात्री लॅपटॉपपुढे बसून हे घे, हे काढ करत असतो, ती खरी शाळा. "हा का काढलात?" एवढं विचारायची मुभा हवी. बऱ्याचदा तो म्हणेल, नवरीचे डोळे मिटलेत. पण कधीतरी म्हणेल, "हा चांगलाय, पण नवरीच्या आत्याला आवडणार नाही." तिथे तू मनात नोंद कर, हा आपला. कलिंगला बसू देत असतील तर बाकीच्या अटींत थोडं मागे-पुढे झालं तरी चालेल. नाही म्हणाले, तर मग पगार कितीही देऊ देत, तू फक्त दिवा धरणारी. दिवा धरण्यातही शिकायला मिळतं, पण ते चार लग्नांत शिकून होतं.

भिगवणचं वर्कशॉप. मी एकदाच गेले होते. उजनीच्या पाण्यात पहाटे एका नावेत आम्ही सहा जण, सहा भल्यामोठ्या लेन्स, आणि आमचे मार्गदर्शक पुढच्या नावेत. ते शटर स्पीडचे आकडे ओरडून सांगत होते. आमचा नावाडी त्या गावातलाच, मासेमारी करणारा. त्याने इंजिन बंद करून बांबू हातात घेतला आणि नाव हळूच थव्याच्या एका बाजूला नेऊन उभी केली. म्हणाला, "थांबा हितंच. वारं आपल्या पाठीमागनं हाय, उठले की हिकडंच येत्याल." पाखरं वाऱ्याला सामोरी जाऊन उडतात. पाच मिनिटांनी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उठले आणि आमच्या डोक्यावरून गेले; मार्गदर्शकांच्या नावेला त्यांच्या शेपट्या मिळाल्या. त्या तीन दिवसांत मी जे शिकले ते नावेच्या भाड्यात शिकले.

सगळीच वर्कशॉपं वाया असतात असं नाही. फी भरण्याआधी विचार, माझे फोटो किती वेळ बघणार? तीन दिवसांत प्रत्येकाच्या कामावर तासभर बसणार असतील तर पगार गेला तरी पचेल. फक्त पक्षी दाखवणार असतील तर एस.टी. पकड आणि थेट नावाड्याकडे जा.

थोडे दिवससुद्धा पुरतात, आपल्याला काय विचारायचंय हे माहीत असेल तर. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवला. सिनेमाचं वेड लागल्यावर जमेल तेवढं घरीच करून बघितलं, आणि जिथे अडलं तिथे १९१२ साली बोटीने लंडन गाठलं. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत थोडेच दिवस काम पाहिलं, कॅमेरा घेतला आणि परत आले. मग घरी कुंडीत वाटाण्याचा वेल लावून तो उगवताना एकेक चौकट टिपत बसले, पुन्हा एकटेच. पुढच्या वर्षी त्यांचा पहिला चित्रपट लागला. एकटं, मग कोणाकडे तरी, मग पुन्हा एकटं. तू हे दोन रस्ते समजून चौकात उभी आहेस. मला ते एकाच रस्त्यावरचे थांबे वाटतात.

ज्यांना असा वेडिंगवालाही मिळत नाही त्यांची पत्रं माझ्याकडे खूप येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. गावातली चार डोकी जमवा. चारही फोटोग्राफर नकोत. एखादी चित्रकलेची बाई, एखादा शिंपी, रंगकाम करणारा कोणी, ज्याला बघायची सवय आहे असा माणूस हवा. महिन्यातून एकदा लॅबमधून ४×६च्या वीस प्रिंट काढून आणायच्या, फरशीवर मांडायच्या. मोबाइलवर दाखवायचं नाही, मोबाइलवर बोट पुढे सरकतं, फरशीवर माणूस थांबतो. ज्याचे फोटो त्याने तोंड बंद ठेवायचं. "तिथे काय झालं माहितेय का" ही गोष्ट सांगायला सुरुवात केली की फोटो राहतो बाजूला. बाकीच्यांनी पाच उचलायचे आणि का उचलले ते सांगायचं. "छान" या शब्दाला दंड, चहा पाजायचा. ज्याचे फोटो आहेत त्याने आपले पाच आधीच चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचे. दोन याद्या जुळल्या नाहीत की त्या दिवशीचा चहा वसूल.

आणि वर्षातला एक महिना मुद्दाम नक्कल करा. आवडता एक फोटोग्राफर धरा आणि तो जिथून बघतो तिथूनच बघा, तितक्याच अंतरावरून, त्याच वेळेच्या उजेडात. नकलेला घाबरू नका. नक्कल जिथे जमत नाही, तिथे काहीतरी तुमचं निघतं.

तुझ्या पाकिटात प्रीतिसंगमावरचे पहाटेचे नऊ फोटो आहेत. त्यांच्याबद्दल मी काही बोललेली नाही, ते मुद्दाम. ते तू कोणासाठी काढलेले दिसत नाहीत. ते त्या वेडिंगवाल्यांना दाखवू नकोस, फरशीवर मांडू नकोस, मलाही पुन्हा पाठवू नकोस. कृष्णा-कोयनेच्या त्या वाळवंटावर जशी जातेस तशीच जात राहा, लग्नाच्या हंगामातसुद्धा. थकून झोपावंसं वाटेल त्या पहाटे जरूर जा.

पुढच्या वेळी चाळीस नकोत. दहाच पाठव, आणि त्यासोबत तू बाद केलेले दहा. आणि हो, त्या टाच चोळणाऱ्या बाईंची रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल अजून असेल तर आज संध्याकाळीच दुसरीकडे कॉपी करून ठेव. तुझ्या पत्रावरून वाटतं, तू कार्ड फॉरमॅट करायची घाई करणारी आहेस.